चौथी फळी

"थांबलाच नाही," नरहर म्हणाला. "शेवटच्या पुलावर शहजाद एक क्षणही थांबला नाही. सुसाट पळाला. म्हणून तर पार झाला."

फरहा पडद्याच्या आतल्या बाजूला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. हे वाक्य तिनं आजवर इतक्यांदा ऐकलं होतं की ते कानावर पडूनही ऐकू येईनासं झालं होतं. आज मात्र भातातला खडा दाढेखाली यावा तसं ते आलं. बाकी काहीच वेगळं नव्हतं. डिसेंबरातल्या रविवारची दुपार होती. नेर गावातलं तिच्या भावाचं टीव्ही दुरुस्तीचं आणि व्हिडिओ गेमचं दुकान, रस्त्यापलीकडे कापूस बाजाराचं फाटक, फाटकापासून पार पेट्रोल पंपापर्यंत लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग, त्या रांगेतून उडून दुकानात येणारी आणि टीव्हीच्या काचेवर चिकटून बसणारी रुई, सगळं जागच्या जागी होतं. तहसील कचेरीतला कारकून नरहर दर रविवारसारखाच जुन्या आठ बिटच्या खेळांची बाजू घेऊन भांडत होता. पुण्याला कंपनीत नोकरीला लागलेला अभिषेक सुट्टीवर आला होता, आणि येताना नवं प्लेस्टेशन घेऊन आला होता, म्हणून तो नव्याची बाजू घेत होता. आणि तिचा भाऊ शहजाद, ज्याच्या नावानं हे सगळं चाललं होतं, तो काउंटरवर एका उघड्या रिमोटमध्ये डोकं घालून, ऐकतो आहे आणि ऐकत नाही अशा बेतानं बसला होता.

"थांबला होता," ती म्हणाली.

आवाज पडद्यातून बाहेर गेला. अभिषेक हसत म्हणाला, "ताई, तुम्हाला कसं माहीत?"

"ऐकलंय," ती म्हणाली, आणि तिला स्वतःचा इतका संताप आला की ट्रेमधला एक कप हिंदकळून बशीत चहा सांडला. ऐकलंय! बारा वर्षांनी तोंड उघडलं आणि त्यातून निघालं काय, तर ऐकलंय.

आत येऊन तिनं बशी धुतली. अम्मी, म्हणजे सईदा, जमिनीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा डाळीत पाहिलं. फरहाला वाटलं, नरहरनं निदान नीट खोटं सांगावं. पराक्रम कोणाचा हे चुकीचं सांगितलं, ते एक वेळ चालेल, त्याची तर सवय झाली. पण तो केला कसा, हे तरी चुकीचं सांगू नये. सकाळच्या शाळेत ती चौथीला गणित शिकवत असे. उत्तर बरोबर आणि रीत चुकीची अशी वही समोर आली की तिच्या कपाळावरची शीर उडत असे. इथं तर उत्तरही दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं होतं.

त्या खेळाचं खरं नाव नेरमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. कॅसेटवरचं लेबल कुठल्यातरी परक्या लिपीत होतं आणि तेही अर्धं फाटलेलं. सगळे त्याला पुलवाला म्हणत. एक शिपाई जंगलातून, किल्ल्यातून, बर्फातून जातो, आणि सातव्या टप्प्याला दरीवरचा लाकडी पूल येतो. पाय ठेवला की मागची फळी पडते, म्हणून जो येतो तो पळतो. पळाला की पलीकडच्या टोकाला आगीचा गोळा बरोबर त्याच्या छातीवर येतो. तीन जीव असत, तिन्ही तिथं जात, आणि खेळ पहिल्यापासून सुरू. गावातली, कॉलेजातली, बाजारात कापूस घेऊन आलेली किती माणसं त्या पुलावरून पडली याची गणती नव्हती. फरहा स्वतः निदान चाळीस वेळा पडली होती. तेरा वर्षांची होती ती, सन चौऱ्याण्णव, चैत्रातली दुपार, दुकानाचं शटर ऊन अडवायला अर्धं ओढलेलं. अब्बा, म्हणजे जब्बार, रेडिओचे पार्ट आणायला यवतमाळला गेले होते. त्यांनी त्याच वर्षी सांगितलं होतं की फरहा आता मोठी झाली, तिनं दुकानात बसायचं नाही. म्हणून ती फक्त ते यवतमाळला गेले की बसे. आणि चाळीस वेळा पडल्यावर तिच्या लक्षात आलं की चौथी फळी पडत नाही. बाकी सगळ्या पडतात. चौथीवर उभं राहायचं, अकरापर्यंत मोजायचं, गोळा येतो, डोक्याच्या वीतभर अलीकडे विझतो, मग चालायचं. पळायचं नाही, चालायचं. एवढंच होतं. त्या दिवशी तिनं अख्खा खेळ एका जिवात संपवला. पडद्यावर फटाके फुटले आणि त्याच वेळी नरहर, तेव्हा एकोणीस वर्षांचा, शटरखालून वाकून आत आला, आणि त्याच्या मागे रस्त्यावर अब्बांच्या चपला दिसल्या. शहजादनं तिच्या हातातला पॅड हिसकावून घेतला. नरहर ओरडला, "कोणी केलं रे?" आणि सतरा वर्षांचा शहजाद म्हणाला, "म्या."

तेव्हा तिला त्याच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं होतं की रात्रीच्या जेवणात तिनं आपल्या वाटणीचं अंडं त्याला दिलं. अब्बांचा मार चुकला होता. पण अब्बा जाऊन आता तीन वर्षं झाली होती. दुकानात बसायला मनाई करणारं कोणी उरलं नव्हतं, आणि तरीही ती पडद्याच्या आतच उभी होती. चिडून विचार करताना ती नेहमी इथपर्यंत येऊन अडत असे. पडदा कोणी धरून ठेवला होता? कोणीच नाही. जुनं छिटाचं कापड होतं ते, बोटानं सरकलं असतं.

बाहेर पुन्हा वाद पेटला होता. अभिषेक म्हणत होता की नव्या खेळात पाहिजे तिथं सेव्ह करता येतं, माणसाला दुसरे उद्योग असतात.

"मग थ्याले खेळ कायले म्हणता?" नरहर चिडला होता. "थे तर आमच्या कचेरीतली फाईल झाली. कुठंही बंद करा, कधीबी उघडा. आणि तुमच्या चपट्या टीव्हीवर जुना खेळ खेळूनच दाखवा. बटण आता दाबलं, उडी मागून पडते."

"तो तुमचा भ्रम आहे, नरहरभाऊ."

भ्रम नव्हता. फरहाला ठाऊक होतं. मागच्या महिन्यात दुरुस्तीला आलेल्या एका चपट्या टीव्हीवर तिनं दुपारी गुपचूप खेळून पाहिलं होतं. उडी खरंच उशिरा पडत होती, डोळा मिटायला लागतो तेवढी. पण नरहर दुसऱ्याच बाबतीत चूक होता. खेळ सुरू झाला नाही की तो कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारत असे, आणि सगळ्यांना मारायला लावत असे, आणि थुंकीनं आतले पितळी दात काळे पडत. दोघांपैकी कोणालाच सगळं येत नव्हतं. प्रत्येकाला थोडं थोडं येत होतं आणि प्रत्येक जण सगळं येत असल्यासारखा ओरडत होता. हे ऐकत डाळ निवडायची, भाकरी थापायची, चौथीच्या वह्या तपासायच्या. तिला वाटे, आपल्याला राग चोरीचा नाही, ढिसाळपणाचा आहे.

त्या दिवशी वाद संपता संपता अभिषेकनं बातमी दिली. तो इंटरनेटवर जुन्या खेळांच्या एका वेबसाइटवर लिहीत असे. ती वेबसाइट नागपूरचे कोणी मधु चालवत. अभिषेकनं पुलवाल्याचं वर्णन लिहिलं तेव्हा मधुंनी खेळ ओळखला आणि लिहिलं, हा खेळ एका जिवात संपवलेला माणूस मला आजपर्यंत भेटलेला नाही. "ते पुढच्या रविवारी येतायत," अभिषेक म्हणाला. "कॅमेरा घेऊन. शहजादभाई, तुम्ही फक्त एकदा खेळून दाखवायचं."

रिमोटचा एक स्क्रू फरशीवर पडला आणि घरंगळत पडद्याखालून आत आला. फरहानं तो पायाखाली दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तेव्हा शहजाद आतल्या खोलीत, टीव्ही लावून, पॅड मांडीवर घेऊन बसला होता. भावाबहिणीचं बोलणं अर्धं हिंदीत अर्धं वऱ्हाडीत चाले, आणि विनवणी करायची झाली की तो हमखास वऱ्हाडीवर येत असे, जणू ती भाषा कमी लाजेची होती.

"फरहा, मले शिकव. सहा दिवस हायेत."

"काहून? तुले तर येते ना. नरहर सोता होता तिथं."

"आता टोमणे नको मारू न बावा."

तिनं शिकवलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. शहजाद वाईट खेळाडू होता, म्हणजे खरोखरच वाईट. सोल्डरिंग करताना केसाएवढ्या तारेवर थरथर न करता थेंब ठेवणारी त्याची बोटं पॅडवर आली की खुरप्यासारखी चालत. दुसऱ्या टप्प्यातल्या साध्या खड्ड्यात तो पुन्हा पुन्हा पडे, आणि पडल्यावर बटणाला दोष देई, मग टीव्हीला, मग लोडशेडिंगमुळे कमी दाबानं येणाऱ्या विजेला. फरहाला आठवलं की तो दहावीला दोनदा बसला तेव्हाही असंच होतं. पेपर कठीण, पेन खराब, खिडकीतून ऊन. आणि तिला हेही आठवलं की दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता, आणि त्याच महिन्यात नरहरनं गावभर पुलवाल्याची गोष्ट सांगितली होती, आणि शहजाद पुन्हा बाहेर पडू लागला होता. बाजारातली माणसं त्याला हाक मारून बोलावत. 'पूल पार केलेला' म्हणत. माणूस एका खोट्यावर उभा राहिला आणि ते खोटं पडलं नाही, तर तो तरी उतरणार कसा? हा विचार आला की तिचा राग थोडा खाली बसे, आणि तेवढ्यात तो पुन्हा त्याच खड्ड्यात पडे.

"उडी अगोदर मार!" ती ओरडे. "खड्डा आल्यावर कोण उडी मारते? मेल्यावर डॉक्टर बोलावतो काय तू?"

बुधवारी संध्याकाळी त्यानं पॅड खाली ठेवला. मग म्हणाला, "नाई जमत." गुरुवारी ती शाळेतून आली तर तो दुकानात जमिनीवर पालथा पडून टीव्हीच्या टेबलाखालून तार ओढत होता. बारा फुटांची नवी तार त्यानं पॅडला जोडली होती. ती दुकानातल्या मशीनपासून भिंतीच्या कडेनं, पडद्याखालून आतल्या खोलीत आली होती. आत दुसरा टीव्ही मांडला होता, आणि बाहेरच्या टीव्हीचं चित्र त्यावर दिसत होतं. काम सुरेख होतं. कुठं टाका दिसत नव्हता.

"तू आत बसून खेळ," तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. "म्या बाहेर बोटं हालवतो. माह्या पॅडची तार टेबलाखाली संपते, कोणाले दिसत नाई. एक डावाची तर गोष्ट हाय."

फरहा बराच वेळ त्या तारेकडे पाहत राहिली. नाही म्हणायला हवं होतं. तिनं शब्दही जुळवले होते. पण खरं सांगायचं तर, आणि हे तिनं पुढे कोणाला सांगितलं नाही, तिला खेळायचं होतं. पूर्ण खेळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोणीतरी बघत असताना. बघणाऱ्याला आपण दिसत नसू तरी चालेल, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि आपल्याला असं वाटलं याचाच तिला मग दोन दिवस वैताग येत राहिला. पडद्याला आपणच खिळे ठोकतो आहोत, असं म्हणून तिनं चौथीच्या एका निरपराध मुलीला सातचा पाढा तीनदा म्हणायला लावला.

रविवारी मधु आले, आणि ते मधु नव्हते. पंचेचाळिशीच्या, पांढऱ्या होत चाललेल्या केसांची छोटी शेपटी बांधलेल्या, सलवार-कुर्त्याखाली खेळाचे बूट घातलेल्या मधुवंतीबाई होत्या. नागपूरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळत. स्टँडवर उतरल्याबरोबर चहावाल्यानं कॅमेरा पाहून त्यांना विचारलं होतं, "कोणत्या गावचं घर पाह्यचं हाय मॅडम? गाडी करून देऊ काय?" त्या वर्षी कॅमेरेवाले नेरला एकाच कामासाठी येत, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं घर पाहायला. मधुवंतीबाईंनी हे दुकानात आल्या आल्या सांगितलं आणि त्या हसल्या नाहीत. अभिषेक "मधु सर" असं म्हणून अर्ध्यावर थांबला होता. शेवटी शहजाद सवयीनं म्हणाला, "मॅडम, आत बसता काय? आत अम्मी हाय."

"आत कशाला?" मधुवंतीबाई म्हणाल्या. "टीव्ही तर इथे आहे."

पडद्याआड फरहाला एकदम हसू आलं आणि तिनं ते ओढणीत दाबलं. अम्मी शेजारी भाजी निवडत होती. ती हळूच म्हणाली, "आवाज कम रख," आणि स्वतः टीव्हीच्या दिशेनं थोडी सरकून बसली.

खेळ सुरू झाला. पहिल्या उडीबरोबर फरहाची सगळी चिडचिड कुठं गेली ते तिला कळलं नाही. जंगल, वेली, पाण्यातून वर येणारी तोंडं. तिला काही आठवावं लागत नव्हतं, अंगठे स्वतःच पुढे जात होते, जशी माणसं अंधारात आपल्या घरातून चालतात. बाहेरून नरहरचा आवाज येत होता, प्रत्येक टप्प्याला आधी काय येणार ते तो मधुवंतीबाईंना सांगत होता, अर्धं बरोबर, अर्धं चूक. दारात रांगेतला एक गाडीवान येऊन उभा राहिला असावा. खेमसिंग त्याचं नाव, तीन दिवस त्याचा कापूस मोजायचा राहिला होता आणि तेवढ्या वेळात तो पुलवाल्यात रोज मरत होता. त्याचा आवाज तिला ओळखू आला. "वाह," तो मधूनमधून म्हणत होता. "वाह रे." त्या दोन शब्दांनी तिचे कान तापले. किल्ला गेला. बर्फ गेला. मग पूल आला. पहिली फळी, दुसरी, तिसरी. चौथीवर ती थांबली.

"पळ!" नरहर ओरडला. "पळ ना लेका! थांबला काहून?"

चार. पाच. सहा. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आठ. नऊ. अम्मीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली होती. अकरा. गोळा आला आणि विझला. ती चालत पलीकडे गेली.

बाहेर टाळ्या वाजल्या. नरहर काहीतरी मोठ्यानं बोलत होता. फरहानं पॅड मांडीवर ठेवला. हात गरम झाले होते. तिला वाटलं, झालं, एवढं पुरे, आता चहा टाकावा. आणि तेवढ्यात मधुवंतीबाईंचा शांत आवाज आला, "पुलावर तुम्ही थांबलात. का थांबलात?"

शहजाद म्हणाला, "असंच मॅडम. थोडा दम घेतला."

"दम?"

"व्हय. मंग गेलो."

फरहा उठली कधी ते तिला कळलं नाही. "दम नाई घेतला!" ती बाहेर येऊन ओरडत होती, पॅड हातात तसाच होता, बारा फुटांची तार मागे फरपटत होती, आणि पडदा खांद्यावरून घसरून तिच्या मागे पडला होता. "दम कायले घेईन कोणी तिथं? चौथी फळी पडत नाई! बाकी सगळ्या पडतात, चौथी पडत नाई, तिथं अकरा मोजाचे, गोळा विझते, मंग चालाचं! बारा वर्षं झाली, पळाला, पळाला, पळाला! पळाला असता तर मेला असता! कोणी एकानं तरी मोजाचं ना एकदा! आन् नरहरभाऊ, थे फुंकर मारणं बंद करा, कॅसेट खराब होते थ्यानं! आन् अभिषेक, चपट्या टीव्हीवर उडी उशिराच पडते, भ्रम नाई थो!"

तार ताणली गेली आणि ती थांबली. सगळे तारेकडे पाहत होते. मग सगळ्यांनी शहजादच्या हातातल्या पॅडकडे पाहिलं. शहजादनं तो काउंटरवर ठेवला, अगदी हलक्या हातानं, ग्राहकाची वस्तू ठेवावी तसा, आणि तो दुकानाच्या पायऱ्या उतरून रस्त्यापलीकडे गाड्यांच्या रांगेत निघून गेला.

"असं कसं?" नरहर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "मी सोता पाह्यलं होतं. पॅड शहजादच्या हातात होता."

"फटाके फुटल्यावर पाह्यलं तुम्ही. शटरखालून. त्याच्या अगोदर कुठी होते?"

दारातून खेमसिंगनं विचारलं, "बाई, चौथी म्हणजे कोणती? जमिनीपासून मोजाची का पहिली फळी धरून?" त्या सगळ्या गोंधळात उपयोगाचा प्रश्न तेवढा एकच होता. फरहानं त्याला नीट समजावून सांगितलं. मग मधुवंतीबाईंनी कॅमेरा तिच्याकडे वळवला आणि पुन्हा खेळायला सांगितलं, आणि ती तिसऱ्याच टप्प्यात मेली. अंगठे आता आपणहून पुढे जात नव्हते. पुन्हा खेळली, पुन्हा मेली. तिसऱ्यांदा पुलापर्यंत आली आणि वीज गेली, लोडशेडिंगची वेळ झाली होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण नरहर म्हणाला, "जुन्या खेळांचं हेच तर आहे," आणि अभिषेक म्हणाला, "म्हणूनच सेव्ह पाहिजे," आणि दोघं पुन्हा भांडू लागले, आणि या वेळी दोघंही तिच्याकडे वळून वळून, "ताई तुम्हीच सांगा" असं म्हणू लागले. हे तिला हवं होतं? याच्यासाठी बारा वर्षं? शेवटी मधुवंतीबाई म्हणाल्या, "मला पुरावा मिळाला. का थांबायचं हे खेळणाऱ्यालाच माहीत असतं." त्यांनी वहीत फरहाचं पूर्ण नाव लिहून घेतलं, शहजाद मात्र त्या जाईपर्यंत परतला नाही.

तो चार दिवस तिच्याशी बोलला नाही. दुकान उघडत होता, जेवत होता, अम्मीशी बोलत होता. शुक्रवारी दुपारी फरहा शाळेतून आली तेव्हा तो ती बारा फुटांची तार गुंडाळत होता.

"मले काही म्हणाचं हाय," ती म्हणाली.

"तूच म्हण. तुलेच येते."

"तुही इज्जत घ्याची नव्हती मले. पण खोटं किती दिवस? म्या केलं थे. म्या एकटीनं केलं. तू निस्ता पॅड हिसकला माह्या हातातून."

शहजादनं तार खाली टाकली. "एकटीनं?" तो म्हणाला. "आन् पिन कोणं धरली होती?"

"कोणती पिन?"

"अडाप्टरची! थ्या मशीनची पिन ढिली होती, हात लागला की बंद पडे. तू म्हणली, भाई, एवढा डाव धरून ठेव. पाऊण तास म्या पिन दाबून बसलतो, मान वाकडी करून. अडाप्टर तापून लाल झालता. म्या एका हातानं पॅड कायले घेतला असन तुह्याकडून? दुसरा सोडला असता तर मशीन बंद पडली असती, फटाके दिसले नसते कोणाले. हे पाह्य." त्यानं उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. पेरावर एक गुळगुळीत, पांढरट वण होता. सोल्डरिंगचा असेल असंच ती आजवर समजत आली होती. त्याच्या हातावर असे कितीतरी होते.

तिला पहिल्यांदा आठवला तो वास. गरम प्लास्टिकचा. मग शटरखालून येणारी उन्हाची पट्टी, त्या पट्टीत शहजादचा गुडघा, आणि पुलावर ती अकरा मोजत असताना उजवीकडून येणारा त्याचा दातांवर दात दाबून घेतलेला श्वास. तो तिथं होता. बारा वर्षं ती ही गोष्ट मनात सांगत आली होती, रोज, नरहरपेक्षाही जास्त वेळा, आणि तिच्या गोष्टीत त्या खोलीत ती एकटीच होती. भाऊ यायचा तो फक्त शेवटी, हिसकावायला. तिला नरहरचा राग आला होता, की त्यानं रीत चुकीची सांगितली. आता ती स्वतःच्या वहीकडे पाहत होती.

"सांगतलं काहून नाई तू?" ती चिडून म्हणाली.

"काय सांगू? पिन धरली म्हून?" शहजाद म्हणाला. "लोक हसले असते."

ती तशीच बाहेर काउंटरवर गेली आणि दुकानाच्या फोनवरून तिनं मधुवंतीबाईंनी जाताना दिलेला नागपूरचा नंबर लावला. पलीकडे खूप वेळ घंटी वाजली. शहजाद पडद्यापाशी येऊन उभा राहिला होता. मधुवंतीबाईंनी फोन उचलला, आणि फरहा म्हणाली की लिहिलेलं चुकलं आहे, अजून वेबसाइटवर टाकू नका, त्यात आणखी एक नाव पाहिजे.

"कोणाचं?"

"माह्या भावाचं. शहजाद."

"त्यानं काय केलं म्हणून लिहू?"

"पिन धरली. पाऊण तास."

मधुवंतीबाई हसल्या, वाईट अर्थानं नाही, पण हसल्या.

"हसू नका," फरहा म्हणाली. "लिहा."